वारसा आणि वारस : तिकोचिन या पोलिश गावाचा अभ्यास

प्रस्तावना

'वारसा' हा शब्द आपण इतक्या सहजपणे वापरतो की त्याच्या पोटातला 'वारस' आपल्या लक्षातही येत नाही. हा शब्द मराठीत अरबी-फारसीच्या वाटेने आला आणि त्याचा मूळ अर्थ व्यवहारातला आहे. मृताच्या मागे त्याची मालमत्ता ज्याच्याकडे जाते तो वारस आणि जे जाते तो वारसा. वारसनोंदीसाठी तलाठी कार्यालयात ज्यांनी हेलपाटे घातले असतील त्यांना हा अर्थ वेगळा सांगायला नको. पुढे हाच शब्द किल्ले, लेणी, बोली, ओव्या, पाककृती अशा सामूहिक ठेव्यासाठी रूढ झाला. तरी त्याच्यामागचे एक गृहीत कायम राहिले. वारसा आहे म्हणजे त्याला कोणीतरी वारस असणारच, असे आपण धरून चालतो.

या घटकात आपण हे गृहीत तपासून पाहणार आहोत आणि त्यासाठी पोलंडच्या ईशान्य भागातील तिकोचिन हे गाव निवडले आहे. या गावात ज्यू आणि ख्रिस्ती चारशेहून अधिक वर्षे शेजारी म्हणून राहिले. १९४१ च्या ऑगस्ट महिन्यात, अवघ्या दोन दिवसांत, गावातील ज्यू समाज जवळजवळ संपूर्ण मारला गेला. त्यांचे प्रार्थनागृह मात्र उभे राहिले आणि आज ते संग्रहालय आहे. वास्तू टिकली, पण ती जिच्यासाठी बांधली गेली ती माणसे उरली नाहीत, अशा वेळी ती वास्तू कोणाची? तिच्याविषयी बोलण्याचा अधिकार कोणाला? गावाचा इतिहास लिहिणाऱ्याने या प्रश्नांना कसे सामोरे जावे? स्थानिक इतिहास आणि स्मृतिपर लेखन यांचा अभ्यास करताना हे प्रश्न मराठीच्या विद्यार्थ्यालाही पडतात. उदाहरण दूरचे असले की आपले अभिनिवेश आड येत नाहीत, हाही ते निवडण्यामागचा एक हेतू आहे.

पोलिश व यिद्दिश नावे या घटकात मूळ उच्चाराच्या जवळ जातील अशा रीतीने देवनागरीत लिहिली आहेत.

दोन नावांचे गाव

तिकोचिन हे नारेव नदीच्या काठी, बियालिस्तोक या मोठ्या शहराच्या पश्चिमेला सुमारे ३० किलोमीटरवर वसलेले आहे. आज येथील लोकवस्ती दोन हजारांच्या आसपास आहे. १४२५ मध्ये माझोव्हियाचा ड्यूक यानुश पहिला याने या वस्तीला शहराचे हक्क दिले. १९५० मध्ये ते हक्क काढून घेण्यात आले आणि १९९३ मध्ये पुन्हा बहाल झाले. म्हणजे मधली ४३ वर्षे हे जुने शहर कागदोपत्री खेडे होते. ते असे का झाले हे पुढे कळेलच. या घटकात आपण त्याला गावच म्हणणार आहोत.

पोलिश शेजारी ज्याला तिकोचिन म्हणत, त्याच गावाला ज्यू 'तिक्तिन' म्हणत. त्यांची बोलण्याची भाषा यिद्दिश होती. यिद्दिश ही जर्मन बोलींच्या पायावर उभी राहिलेली, हिब्रू, अरामी आणि स्लाव शब्दांनी समृद्ध झालेली व हिब्रू लिपीत लिहिली जाणारी भाषा आहे. एकाच चौकात, एकाच बाजाराच्या दिवशी, एकाच गावाची दोन नावे उच्चारली जात असत. तिक्तिन हे नाव माणसांबरोबर दूरवर गेले, कारण गाव सोडून गेलेल्या अनेक कुटुंबांचे ते आडनाव झाले. एकोणिसाव्या शतकात ब्रेसलाऊ येथे, म्हणजे आजच्या पोलंडमधील व्रोत्सुआव्ह शहरात, सोलोमन तिक्तिन नावाचे विख्यात रब्बी, म्हणजे धर्मगुरू, होते. गावावरून आडनाव घेण्याची रीत आपल्याला नवी नाही. कोकणातील बेने इस्राएल या मराठीभाषक ज्यू समाजातही किहीमकर, पेणकर, नवगावकर अशी आडनावे आहेत.

पूर्व युरोपातील अशा छोट्या, बाजारपेठेच्या आणि मोठी ज्यू वस्ती असलेल्या गावांना यिद्दिशमध्ये 'श्टेटल' म्हणतात. शब्दाचा अर्थ साधा आहे : छोटे शहर. मात्र ही गावे नाहीशी झाल्यानंतर साहित्यात, चित्रांत आणि चित्रपटांत त्यांची एक हळवी प्रतिमा तयार झाली. कौलांवरून तरंगणारा सारंगीवाला, मेणबत्त्यांचा उजेड, भोळी आणि भाविक माणसे, असे तिचे स्वरूप आहे. मराठीतल्या गावगाड्याच्या स्मरणरंजनाप्रमाणेच हिच्याकडेही सावधपणे पाहावे लागते. प्रत्यक्षातल्या तिक्तिनमध्ये कर होते, खटले होते, व्याजाचे तंटे होते आणि दुसऱ्या गावच्या पंचांशी वर्षानुवर्षे चाललेली भांडणे होती. ती भांडणे वाचली की हे गाव खरे वाटू लागते.

निमंत्रण आणि कहाल

१५२२ मध्ये तिकोचिनचा धनी होता ओल्ब्राख्त गाश्तोल्द. लिथुएनियाच्या ग्रँड डचीतील तो एक अतिशय बडा सरदार होता आणि त्या काळी हा भाग डचीतच मोडत असे. त्याने ग्रोद्नो शहरातून दहा ज्यू कुटुंबांना बोलावून आपल्या गावात वसवले. त्यांना घरांसाठी, प्रार्थनागृहासाठी आणि दफनभूमीसाठी जागा दिली. यामागे सरळ हिशेब होता. व्यापारी आले की बाजार भरतो आणि बाजार भरला की जहागीरदाराचे उत्पन्न वाढते. मराठेशाहीतील कागदपत्रांत कौल देऊन पेठ वसवल्याचे उल्लेख तुम्ही वाचले असतील. गाश्तोल्दचे निमंत्रण साधारण त्याच जातीचे होते.

पोलिश भूमीत ज्यूंना संरक्षण देण्याची परंपरा त्याआधीच रुजली होती. १२६४ मध्ये कालिश येथे बोलेस्लाव या राजपुत्राने ज्यूंना सनद दिली. १३३४ मध्ये राजा काझिमिएश तिसरा याने तिला मान्यता दिली. पश्चिम युरोपातील राज्यांतून हाकलले गेलेले ज्यू याच कारणाने पूर्वेकडे सरकत राहिले. हे संरक्षण राजाच्या किंवा सरदाराच्या मर्जीवर उभे होते, ही गोष्ट मात्र विसरू नये. ज्यू कर देत आणि त्याच्या मोबदल्यात त्यांना अभय मिळे.

नव्या वस्तीला गावाच्या पश्चिमेकडची काचोरोवो ही पेठ मिळाली. चर्च पूर्वेला आणि ज्यूंचे प्रार्थनागृह पश्चिमेला, अशी गावाची मांडणी पुढच्या शतकांत पक्की झाली. नारेव पुढे विस्तुला नदीला मिळते आणि विस्तुला बाल्टिक समुद्राला. या जलमार्गाने धान्य आणि लाकूड ग्दान्स्क बंदराकडे जाई. राजा झिग्मुंट आउगुस्ट याने येथे मोठा किल्ला उभारला आणि आपला ग्रंथसंग्रह व शस्त्रागार येथे ठेवले. १५७२ मध्ये तो मरण पावला तेव्हा त्याचे पार्थिवही याच किल्ल्यात ठेवण्यात आले होते. थोडक्यात, सोळाव्या शतकात हे आडगाव नव्हते.

ज्यू समाजाचा कारभार 'कहाल' नावाची समिती पाहत असे. कहालची तुलना जातपंचायतीशी करण्याचा मोह होतो, पण ती अपुरी ठरते. कहालला राज्याची मान्यता होती आणि समाजाकडून कर गोळा करून भरण्याची जबाबदारी तिच्यावर होती. न्यायनिवाडा, रब्बीची नेमणूक, शाळा, गरिबांना मदत, दफनविधी ही सर्व कामे तिच्याकडे असत. अशा कहालांच्या वर 'चार प्रांतांची परिषद' नावाची मध्यवर्ती संस्था होती. ती १७६४ मध्ये बरखास्त होईपर्यंत पोलंडमधील ज्यूंच्या वतीने राज्याशी बोलत असे.

येथे एक मनोरंजक तंटा उद्भवला. १५६९ मध्ये हा भाग लिथुएनियाकडून पोलंडच्या राजमुकुटाकडे गेला. ग्रोद्नो लिथुएनियातच राहिले. आता आजूबाजूच्या खेड्यांतील ज्यूंनी कर कोणाकडे भरायचा, ग्रोद्नोकडे की तिक्तिनकडे? मूळ गाव आणि त्याने वसवलेले गाव यांच्यातला हा वाद दीर्घकाळ चालला. त्या काळात बियालिस्तोकच्या ज्यूंनाही तिक्तिनच्या कहालचा अधिकार मानावा लागे. आजच्या नकाशावर या दोन गावांचे आकार पाहिले तर हे खरे वाटणार नाही.

कहालची नोंदवही असे. तिला 'पिंकास' म्हणतात. तिक्तिनच्या पिंकासमध्ये १६२१ ते १८०६ या काळातील ठराव, निर्णय आणि नेमणुका होत्या. मूळ वही महायुद्धातील संहारात नष्ट झाली. सुदैवाने इस्राएल हाल्पेरिन या इतिहासकाराने तिच्यातील मजकुराची नक्कल आधीच करून घेतली होती. ती नक्कल मोर्देखाय नादाव यांनी संपादित केली आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस ती जेरुसलेममध्ये प्रसिद्ध झाली. एका माणसाने वेळेवर केलेल्या लेखनिकाच्या कामामुळे पावणेदोनशेहून अधिक वर्षांचा कारभार आज वाचता येतो. पोथ्या आणि दप्तरे यांच्याशी ज्यांचा संबंध येतो अशा विद्यार्थ्यांनी ही बाब मनात ठेवावी. नक्कल करणे हे दुय्यम दर्जाचे काम आहे असे मानण्याची आपल्याकडे सवय आहे.

भिंतींवरचे शब्द

१६४२ मध्ये जुन्या लाकडी प्रार्थनागृहाच्या जागी विटांचे भक्कम प्रार्थनागृह बांधण्यात आले. पोलंडमधील सुस्थितीत टिकलेल्या जुन्या सिनेगॉगांत त्याची गणना होते. बाहेरून ती एक जाड भिंतींची, उंच छपराची चौकोनी इमारत आहे. एका कोपऱ्यात बुटका बुरूज आहे. कहालच्या न्यायालयाने शिक्षा दिलेल्यांना त्यात कोंडत असत, असे सांगतात.

आत पाऊल टाकताना पायऱ्या उतराव्या लागतात, कारण सभागृहाची जमीन बाहेरच्या जमिनीपेक्षा खोल आहे. याचे एक कारण धार्मिक आहे. प्रार्थना खोलातून वर जावी, ही कल्पना हिब्रू स्तोत्रांमध्ये आहे. दुसरे कारण व्यावहारिक आहे. ज्यूंची वास्तू चर्चपेक्षा उंच दिसू नये असा दंडक अनेक ठिकाणी असे. अशा वेळी बाहेरची उंची न वाढवता आतली उंची मिळवायची तर जमीन खाली न्यावी लागे. भक्ती आणि बंधन अशी दोन्ही कारणे एकाच पायरीत मिसळलेली असू शकतात. त्यांपैकी एकच खरे मानण्याचे कारण नाही.

सभागृहाच्या मधोमध चार जाड खांब आहेत आणि त्यांच्यामध्ये उंच वाचनपीठ आहे. या पीठाला हिब्रूत 'बीमा' म्हणतात. मराठी वाचकाने येथे विम्याची आठवण काढू नये. या पीठावरून तोरा, म्हणजे ज्यूंचे मूळ धर्मशास्त्र, गुंडाळीतून वाचले जाई. छताचा भार पेलणारे खांब आणि धर्मग्रंथाच्या वाचनाची जागा यांना एकत्र आणणारी ही रचना त्या काळातील पोलिश सिनेगॉगांचे वैशिष्ट्य आहे. पूर्वेकडच्या भिंतीत तोराच्या गुंडाळ्या ठेवण्याचा पवित्र कोनाडा आहे. स्त्रियांच्या बसण्याच्या जागा वेगळ्या होत्या आणि त्यांना भिंतीतील झरोक्यांतून वाचन ऐकू येत असे.

आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाच्या आहेत त्या भिंती. त्यांच्यावर रंगवलेल्या चौकटींत हिब्रू आणि अरामी भाषांतील प्रार्थना लिहिलेल्या आहेत. चौकटींभोवती वेलबुट्टी आहे. अक्षरे मोठी आणि दुरून वाचता येतील अशी आहेत. त्या काळी छापील प्रार्थनापुस्तक महाग असे आणि प्रत्येकाकडे ते नसे. म्हणून भिंत हेच सर्वांचे पुस्तक झाले. मान वर करून, उजवीकडून डावीकडे, शेकडो माणसे एकाच वेळी तेच पान वाचत. आपल्याकडच्या शिलालेखांचा उद्देश बहुधा दान किंवा पराक्रम नोंदवणे हा असतो. त्या लेखांना वाचकाची वाट पाहता येते. तिकोचिनचे भित्तिलेख रोजच्या वाचनासाठी होते. वाचणारे आणि म्हणणारे तोंड नसेल तर त्यांचे काम थांबते.

थांबा आणि विचार करा : तुमच्या परिसरातील एखादे मंदिर, मशीद, चर्च, विहार किंवा वाडा आठवा. त्यावर काही मजकूर असल्यास तो कोणत्या लिपीत आहे, आणि आज तो वाचू शकणारी किती माणसे तेथे राहतात?

उतरती कळा

१६६१ मध्ये तिकोचिन सेनापती स्तेफान चार्न्येत्स्की याला पराक्रमाबद्दल मिळाले. १७०५ मध्ये राजा आउगुस्ट दुसरा याने पोलंडचा सर्वोच्च सन्मान, 'शुभ्र गरुड', याची स्थापना याच गावात केली. अठराव्या शतकात यान क्लेमेन्स ब्रानित्स्की या धनाढ्य सरदाराने गावाची बरोक शैलीत पुनर्रचना केली. आजचे भव्य चर्च आणि चौकातील चार्न्येत्स्कीचा १७६३ चा पुतळा ही त्याचीच कामे. चर्चच्या दारातून पश्चिमेकडे निघून गाव ओलांडले की आपण सिनेगॉगपाशी पोहोचतो.

मग पोलंडची फाळणी झाली आणि सरहद्दी सरकू लागल्या. १८०७ नंतर बियालिस्तोक रशियन साम्राज्यात गेले आणि तिकोचिन नदीच्या अलीकडे राहिले. १८३१ च्या पोलिश उठावानंतर या दोहोंमध्ये जकातीची भिंत उभी राहिली. तेव्हा कापडाचा धंदा रशियन बाजारपेठ गाठण्यासाठी बियालिस्तोककडे वळला. पुढे आगगाडीही तिकोचिन टाळून गेली. ज्या गावाच्या कहालला बियालिस्तोक एकेकाळी कर भरत होते, ते आता बियालिस्तोकच्या सावलीतले खेडे झाले. याच दारिद्र्यामुळे जुनी रचना फारशी पाडली गेली नाही. भरभराट झालेली गावे आपला भूतकाळ अनेकदा स्वतःच पुसून टाकतात.

ऑगस्ट १९४१

सप्टेंबर १९३९ मध्ये जर्मनीने पश्चिमेकडून आणि सोव्हिएत संघाने पूर्वेकडून पोलंडवर आक्रमण केले. तिकोचिन सोव्हिएत ताब्यात गेले. त्या वेळी पोलंडमध्ये सुमारे ३३ लाख ज्यू होते, म्हणजे दर दहा माणसांत एक. तिकोचिनमध्ये हे प्रमाण निम्म्याच्या जवळपास होते.

२२ जून १९४१ रोजी जर्मनीने सोव्हिएत संघावर हल्ला केला आणि काही दिवसांत जर्मन सैन्य गावात आले. ज्यूंच्या मालमत्तेची लूट झाली. या लुटीत स्थानिक पोलिश रहिवासीही सामील होते आणि त्याला जर्मनांची संमती होती. २५ ऑगस्टला सर्व ज्यूंनी सकाळी चौकात जमावे असा हुकूम निघाला. शतकानुशतके जेथे बाजार भरत आला होता, तोच हा चौक. तेथून काहींना चालवत आणि काहींना ट्रकमधून नेण्यात आले. गावापासून काही किलोमीटरवर वोपुखोवोचे जंगल आहे. तेथे खड्डे खणून ठेवले होते. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी, २६ ऑगस्टला, सुमारे दोन हजार स्त्रिया, पुरुष आणि मुले यांना गोळ्या घालून त्या खड्ड्यांत पुरण्यात आले.

या घटनेचे वर्णन करताना अनेक लेखक विशेषणांचा आधार घेतात. तारीख, ठिकाण आणि संख्या यांपलीकडे येथे फार काही जोडण्याची गरज आहे असे प्रस्तुत लेखकाला वाटत नाही. एक गोष्ट मात्र समजून घेतली पाहिजे. आउश्वित्झसारख्या छावण्यांची नावे जगाला माहीत आहेत. पण १९४१ च्या उन्हाळ्यात पूर्वेकडील शेकडो गावांत हत्याकांडे गावाच्या वेशीवरच, घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर, झाली. शेजाऱ्यांनी माणसे जाताना पाहिली आणि नंतर रिकामी घरे पाहिली. काही ठिकाणी शेजाऱ्यांचा हातही होता. याच प्रदेशातील येदवाब्ने गावात १० जुलै १९४१ रोजी पोलिश रहिवाशांनी ज्यू शेजाऱ्यांना धान्याच्या कोठारात कोंडून जाळले. पोलंडच्या राष्ट्रीय स्मृती संस्थेच्या तपासात मृतांची संख्या किमान ३४० आणि हत्येमागे जर्मनांची चिथावणी असल्याचा निष्कर्ष निघाला. इतिहासकार यान ग्रॉस यांचे 'शेजारी' या अर्थाच्या शीर्षकाचे पुस्तक २००० मध्ये आले तेव्हा पोलंडमध्ये यावर तीव्र वाद झाला. तो अजूनही पूर्णपणे शमलेला नाही.

गोदाम आणि संग्रहालय

युद्धानंतर तिकोचिनमध्ये ज्यू समाज पुन्हा उभा राहिला नाही. जर्मनांनी सिनेगॉगचा वापर गोदाम म्हणून केला होता. नंतर तेथे खतांची पोती ठेवली जात. साम्यवादी राजवटीत हत्याकांडांच्या स्मारकांवर बहुधा 'पोलिश नागरिक' असे लिहिले जाई आणि मारले गेलेले ज्यू होते हे सांगितले जात नसे. १९७० च्या दशकात मात्र सिनेगॉगचा जीर्णोद्धार झाला, भिंतींवरची अक्षरे पुन्हा उजळली आणि तेथे संग्रहालय सुरू झाले. शेजारची अभ्यासशाळाही पुन्हा बांधण्यात आली.

दफनभूमीच्या वाट्याला असे भाग्य आले नाही. १५२२ च्या वसाहतीइतकीच ती जुनी आहे. आज तेथे गवतात सुमारे शंभर शिळा उरल्या आहेत. बाकीच्या शिळा उचलल्या गेल्या, काही बांधकामात वापरल्या गेल्या. याउलट, गावात येणाऱ्याला लांबूनच दिसणारा किल्ला एकविसाव्या शतकात नव्याने बांधलेला आहे. वारशाच्या क्षेत्रात हे नेहमी घडते : जे जुने दिसते ते नवे असते आणि जे खरोखर जुने असते ते गवतात असते.

संग्रहालयाने पुरिम सणाच्या नाटकाची प्रथा गावात पुन्हा आणली. एस्थर राणीने आपल्या समाजाला संहारातून वाचवल्याची कथा पुरिमला सांगतात. मुखवटे, गोंगाट, थट्टा यांचा हा सण आहे. तिकोचिनमध्ये हे नाटक करणारे नट ज्यू नाहीत, ते गावातलेच कॅथलिक रहिवासी आहेत. ज्यांचा सण ते वोपुखोवोच्या जंगलात आहेत आणि त्यांच्या शेजाऱ्यांची नातवंडे त्यांच्या वेशात त्यांच्या सुटकेची कथा रंगवत आहेत, हे दृश्य अनेक पाहुण्यांना अस्वस्थ करते. रूथ एलेन ग्रूबर या लेखिकेने ज्यूंविना चालणाऱ्या अशा ज्यू संस्कृतीचा युरोपभर अभ्यास केला आहे. कोणी याला ढोंग म्हणतात, कोणी प्रायश्चित्त. प्रस्तुत लेखकाच्या मते दोन्ही शब्द घाईचे आहेत. नाटक बसवण्यासाठी कथा शिकावी लागते, नावे उच्चारावी लागतात, गाणी पाठ करावी लागतात. अज्ञानापेक्षा ही अवस्था निश्चितच बरी. पोलंडच्या बाजारांत हातात नाणे धरलेल्या दाढीवाल्या ज्यूच्या लाकडी मूर्ती 'घरात पैसा यावा' म्हणून विकल्या जातात. त्यांच्याविषयी मात्र असे म्हणता येत नाही. तेथे कोणी काही शिकत नाही. जुना पूर्वग्रहच शोभेची वस्तू होऊन कपाटावर बसतो.

वारस कोण?

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. तिकोचिनच्या ज्यू वारशावर हक्क सांगू शकतील असे किमान तीन गट दिसतात.

पहिला गट म्हणजे स्थलांतरित आणि त्यांचे वंशज. युद्धापूर्वीच अमेरिका व पॅलेस्टाइन येथे गेलेल्या आणि संहारातून वाचलेल्या तिक्तिनकरांनी १९५९ मध्ये तेल अवीव येथे 'सेफर तिक्तिन' हा स्मृतिग्रंथ प्रसिद्ध केला. नष्ट झालेल्या गावांविषयी असे शेकडो ग्रंथ लिहिले गेले. त्यांना 'यिझकोर' ग्रंथ म्हणतात. यिझकोर म्हणजे मृतांच्या स्मरणाची प्रार्थना. गल्ल्यांची वर्णने, शिक्षकांच्या आठवणी, टोपणनावे, छायाचित्रे आणि मृतांच्या याद्या असे त्यांचे स्वरूप असते. ते लिहिणारे बहुतेक जण लेखक नव्हते. गाव उरले नाही म्हणून ते कागदावर वसवले गेले. साहित्याच्या विद्यार्थ्याने हा प्रकार आत्मचरित्र, गावगाथा आणि श्राद्धविधी यांच्या सीमेवर ठेवून वाचावा.

दुसरा गट इस्राएलमधून येणाऱ्या तरुण विद्यार्थ्यांचा. ते सिनेगॉग पाहतात, भिंतींवरची अक्षरे वाचू शकतात, कधी तेथे गातात आणि मग बसने वोपुखोवोला जातात. त्यांच्या दौऱ्यात तिकोचिन हे मृत्यूचे गाव असते. १५२२ ते १९४१ या काळातील तंटे, लग्ने आणि बाजार त्यांच्या वेळापत्रकात क्वचितच मावतात.

तिसरा गट आजच्या रहिवाशांचा. ते तेथे राहतात, छपराची गळती त्यांना दिसते, कुलपाची किल्ली त्यांच्याकडे असते. भिंतीवरचा मजकूर त्यांना वाचता येत नाही. कायद्याच्या अर्थाने ते वारस नाहीत. मराठीत अशा माणसासाठी एक चांगला शब्द आहे : 'विश्वस्त'. विश्वस्ताला मालकी नसते, पण हिशेब द्यावा लागतो. त्या हिशेबात १९४१ च्या जूनमधील लूटही येते. म्हणूनच वास्तू जपणे सोपे गेले आणि तिच्याविषयी खरे बोलणे जड गेले.

परक्यांच्या खुणा जपण्याचा हा प्रश्न महाराष्ट्राला अगदी अपरिचित नाही. १९४०-४१ मध्ये सोव्हिएत राजवटीने तिकोचिनसह पूर्व पोलंडच्या पट्ट्यातील लक्षावधी लोकांना सायबेरियात व मध्य आशियात हद्दपार केले. त्यांत ज्यूही होते आणि या हद्दपारीमुळेच त्यांपैकी अनेकांचे प्राण वाचले. हद्दपार पोलिशांपैकी काही जण इराणमार्गे भारतात आले. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवडे येथील छावणीत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते, त्यांत बहुसंख्य स्त्रिया आणि मुले होती. जे येथे वारले त्यांची दफनभूमी कोल्हापुरात आहे आणि त्यांचे देशबांधव व वंशज तेथे येतात. कोकणातील बेने इस्राएलांची सिनेगॉगेही १९४८ नंतर समाजाचा मोठा भाग इस्राएलला गेल्यामुळे रिती झाली. फरक मूलभूत आहे. ते लोक आपल्या पायांनी गेले, निरोप घेऊन गेले, आणि त्यांची मुले आजही परत येऊन आजोळचे घर दाखवू शकतात. तिकोचिनच्या बाबतीत रिकामेपणाचे कारण सांगितल्याशिवाय वारशाविषयी एक वाक्यही पूर्ण होत नाही.

स्वाध्याय

तुमच्या गावातील किंवा शहरातील अशी एक वास्तू, पाणवठा, दफनभूमी अथवा पेठ निवडा, जी वसवणारे लोक आज तेथे नाहीत किंवा अगदी थोडे उरले आहेत. तिच्याविषयी ८०० ते १००० शब्दांत लिहा. ते लोक केव्हा व कोणाच्या बोलावण्यावरून आले, काय करत होते, का गेले आणि आज त्या जागेची किल्ली कोणाकडे आहे, या क्रमाने माहिती मिळवा. जुन्या रहिवाशांशी बोलताना त्यांनी वापरलेली जागेची नावे जशीच्या तशी उतरवून घ्या; एका जागेला दोन नावे आढळल्यास दोन्ही नोंदवा. प्रत्येक विधानाशेजारी समासात ते तुम्हाला कोठून कळले हे लिहा : कागद, वास्तू की माणूस.